सरांची सही आणि पान एकशे बारा

९ तारीख, सोमवार
सर पडले! स्वतःच्याच पुस्तकांच्या गठ्ठ्याला अडखळून. पाय प्लास्टरमध्ये. ऐकून आधी वाईट वाटलं, आणि लगेच मनात आलं — उजवा हात तर शाबूत आहे ना? लाज वाटली. पण तीस तारखेला माझी पीएच.डी.ची नोंदणी संपते. मार्गदर्शक म्हणून सरांची सही झाली नाही तर ‘प्राचीन ग्रीक आणि बौद्ध विहारांतील शिक्षण : एक तुलना’ हे बाड रद्दीत. नवरा म्हणतो, आठ वर्षांत लोक खरे डॉक्टर होऊन दवाखाना थाटतात.

१० तारीख
ग्रंथालयात रजा टाकली आणि सकाळीच सरांकडे गेले. काकूंचे गुडघे धरलेत, त्यांच्याच्याने सरांचं होत नाही. पाणी दिलं, अंथरूण झटकलं, खोली झाडली. काकूंना भरून आलं. सर मात्र ब्रश तोंडात ठेवूनच म्हणाले, "विनयात काय लिहिलंय? उपाध्यायांना आधी दातवण, मग पाणी, मग पेज. तू झाडू आधी घेतलास."
विनय म्हणजे भिक्खूंच्या नियमांचा ग्रंथ, यांना तोंडपाठ. ग्रीकांकडे ही भानगड नव्हती, तिथे मुलाची पाटी उचलायला गुलाम असायचा. इथे शिष्यही मी आणि गुलामही मीच. तुलना पूर्ण!

१२ तारीख
सेवा विहाराची, शिकवणी अथेन्सची. सर उत्तर देत नाहीत, नुसते विचारतात. शिक्षण म्हणजे काय? मी सांगितलं. मग बेडूक पोहायला लागतो तेही शिक्षणच का? अर्धा तास बेडकात गेला. शेवटी मी विचारलं, तिसरं प्रकरण वाचलंत का. तर म्हणाले, प्रश्न मी विचारायचे असतात.

१५ तारीख
पेज नेमकी कधी द्यायची ते बघायला विनय पुन्हा उघडला. त्याच कलमात पुढे — उपाध्याय बोलताना दोषाच्या जवळ जाऊ लागले तर शिष्याने त्यांना थांबवावं. त्यांच्या मनात चुकीचं मत शिरलं तर तेही दूर करावं. आणि सरांच्या गाजलेल्या पुस्तकात, पान एकशे बारावर : ‘ग्रीक शिष्य विचारतो, भिक्खू शिष्य फक्त ऐकतो.’ चाळीस वर्षं हे वाक्य परीक्षेत येतंय. मीही त्याच्यावरच पास झाले. माझं अख्खं तिसरं प्रकरण त्याच्यावर उभं आहे!
सांगावं तर सही जाते, न सांगावं तर खोटा प्रबंध माझ्या नावावर. इकडे आड, तिकडे विहीर.

१६ तारीख
नवऱ्याचा सल्ला : आधी सही घे, मग चूक सांग. व्यवहारी माणूस. पण मला ते जमणार नाही. बाबा गेले त्या वर्षी मी शिक्षण सोडायला निघाले होते. तेव्हा सर घरी येऊन बसले ते मी हो म्हणेपर्यंत उठले नाहीत. माझा जीव आहे सरांवर. त्यांना फसवून सही कशी घेऊ?

१९ तारीख
युक्ती सापडली! भिक्खूंच्या संघात ठराव तीनदा मांडतात. कुणी काही बोललं नाही तर मंजूर. सर खिडकीकडे तोंड करून बसले होते. मी मागे उभी राहून म्हटलं — सर, पान एकशे बारा चूक आहे, मी तिसरं प्रकरण बदलतेय. एकदा. दोनदा. तीनदा. सर गप्प! घरी येऊन सपाट्याने बदलायला बसले.

२३ तारीख
ठराव कसला डोंबलाचा. काकू म्हणाल्या, सरांचं ऐकायचं यंत्र गेल्या बुधवारपासून दुरुस्तीला गेलंय.

२४ तारीख
यंत्र आलं. समोर बसून सांगितलं, एकदाच. सरांनी पुस्तक मागितलं, पान काढलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग विनय मागितला, तोही वाचला. यंत्र चालू होतं, त्याचा दिवा मी नीट बघितला होता. काकूंनी आणलेला चहा निवून गेला.
शेवटी म्हणाले, "प्रबंध ठेवून जा. उद्यापासून येऊ नकोस."
घरी येऊन पोटभर रडले. आठ वर्षं पाण्यात गेली. त्याहून वाईट म्हणजे सर दुखावले.

२६ तारीख
फोन नाही. नवऱ्याने न सांगता भांडी घासली, वर एकही टोमणा नाही. म्हणजे त्यालाही आशा नाही.

२८ तारीख, शनिवार
काकूंनी रिक्षाने लिफाफा पाठवला. प्रबंधावर सही नाही. सोबत विद्यापीठाला पत्र आहे — ‘या विषयात माझं मत चाळीस वर्षं चुकीचं होतं. ते माझ्या विद्यार्थिनीने दूर केलं. जिच्याकडून मी शिकलो, तिचा मार्गदर्शक म्हणवून घेण्याचा मला अधिकार नाही. मला मुक्त करावं.’ आणि चिठ्ठी : पत्र तूच नेऊन दे, शिष्याचं कामच आहे ते!
दोन दिवस उरलेत. इतका मान मला जन्मात कुणी दिला नव्हता, आणि पत्र टराटरा फाडावंसं वाटतंय. चपला घातल्यात. विद्यापीठात नाही, सरांकडेच निघालेय. आज सेवा नाही. आज भांडणार.