सहा पन्नासच्या गाडीतल्या चौदा जणी

प्रिय उमेश,

तू माझा आवाज ओळखून फोन दोनदा बंद केलास आणि नंतर उचललाच नाहीस, म्हणून हे कागदावर लिहिते आहे. तुझी बहीण संगिता घोलवडला चिकूच्या पॅकिंगला येते. तिच्या हाती पाकीट देणार आहे. तिने वाटेत उघडून वाचलं तरी हरकत नाही. यात लपवण्यासारखं जे होतं, ते आता आमच्या आळीत सगळ्यांना माहीत आहे.

आठवडाभर मी डहाणूला घरीच आहे. रजेच्या अर्जात कारण लिहिलं, आईची तब्येत. ते खरं आहे. तिचा उजवा खांदा पूर्ण धरला आहे. हात कानापर्यंत जात नाही. डॉक्टरांनी डोक्यावर ओझं घेऊन चालायचं नाही असं बजावलं आहे. ती मान डोलावते आणि पहाटे तीनला नेहमीसारखी उठते, अंघोळ करते, केस बांधते आणि उंबऱ्यात बसून राहते. साडेतीनला स्टेशनचा टेम्पो येतो. पूर्वी तो आमच्या दारात थांबायचा, आता न थांबता जातो. टेम्पो गेला की आई उठून चुलीपाशी जाते. या वर्षी बोंबील चांगला वाळला आहे, मांडवावर जागा उरलेली नाही, आणि ती तो एका हाताने काढून पोत्यात भरते. पोती घरात साठत चालली आहेत. रात्री मी त्यांच्यामध्ये झोपते.

तुझ्याबद्दल संगिताने सांगितलं ते इतकंच, की तू उधव्याला आहेस, तुमच्या टेकाडाच्या शेतात वांगी लावली आहेस आणि तलासरीच्या बाजाराला स्वतः घेऊन जातोस. तू विकताना भाव करत नाहीस, पहिल्याच भावाला देऊन टाकतोस, असं ती हसत म्हणाली. मला हसू आलं नाही. बसमध्ये कंडक्टर असतानाही तू तसाच होतास. सुटे नसले तर पुढच्या वेळी द्या म्हणायचास आणि पुढच्या वेळी विसरायचास.

बंद करायच्या फेऱ्यांची यादी कशी झाली ते तुला कोणी नीट सांगितलं नसणार. शहराने बससेवेचं अनुदान निम्म्यावर आणलं. ठेकेदाराचे पैसे थकले, तो एकशे दहा गाड्या परत घेऊन गेला. उरलेल्या गाड्यांत वेळापत्रक बसवायचं काम आमच्या विभागाकडे आलं, म्हणजे तिघांकडे, म्हणजे माझ्याकडे, कारण बाकीच्या दोघांना ती प्रणाली चालवता येत नाही. सूचना एका ओळीची होती. तीन महिन्यांच्या तिकीट-मशीनच्या नोंदी घ्या, आणि ज्या फेरीत सरासरी वीसपेक्षा कमी प्रवासी आहेत ती बंद करा. मी नोंदी घेतल्या. एकूण दोनशे सहा फेऱ्या बंदच्या यादीत आल्या. एकशे बेचाळीसाव्या ओळीवर स्टेशन ते मोठा बाजार, सकाळी सहा पन्नास. सरासरी प्रवासी आठ.

मी त्या ओळीवर थांबले होते. किती वेळ ते सांगता येईल, कारण प्रणालीत शेवटची कळ दाबल्याची वेळ नोंदली जाते. अकरा मिनिटं. मला माहीत होतं त्या गाडीत आठ माणसं नसतात. माझी आई पहाटेच्या आगगाडीने शहरात उतरून त्याच गाडीने वीस वर्षं बाजाराला जात होती. पुतळीमावशी, सुनिता आणि किनाऱ्यावरच्या बाकीच्या, मिळून चौदा जणी. आठ आणि चौदा बावीस. गाडी राहिली असती. पण मी स्वतःला सांगितलं, की इतर दोनशे पाच ओळींवर कोणाची तरी आई असेल आणि तिची मुलगी इथे बसलेली नाही. फक्त या एका ओळीवर बसलेली आहे, म्हणून आकडा बदलायचा, हे मला बरोबर वाटलं नाही. मी माझ्या आईला मोजलं नाही, कारण ती माझी आई होती. त्या दिवशी हे मला प्रामाणिकपणाचं वाटलं होतं.

मग यादी डेपोत लागली आणि तू वर आलास. सगळ्यांसमोर मला मॅडम म्हणालास. "मॅडम, सहा पन्नासची गाडी रिकामी नसते. तुम्हाला माहीत आहे." मी स्क्रीनवरून मान वर केली नाही. म्हटलं, "मशीनमध्ये जे आहे ते आहे." तू पुढचं वाक्य बोलला असतास तर माझं काय झालं असतं ते आपल्या दोघांनाच माहीत होतं. तू ते बोलला नाहीस. जिना उतरून गेलास. एक तारखेला फेरी बंद झाली आणि त्याच दिवशी ठेकेदाराने तुला कामावरून काढलं.

ते न बोललेलं वाक्य मी इथे लिहिते, म्हणजे ते कुठेतरी लिहिलेलं राहील. दोन वर्षांपूर्वी, मी नवीन नोकरीला लागले तेव्हा, एकदा आईबरोबर त्या गाडीने आले होते. थांब्यावर चौदा जणी रांगेत, डोक्यावर सुक्या मासळीच्या पाट्या. तू दारात मशीन घेऊन, नियमाप्रमाणे, प्रत्येकीचा पास मशीनला लावून घेत होतास. पास कमरेच्या पिशवीत, वर पातळाचा कासोटा. तो काढायचा म्हणजे पाटी रस्त्यावर उतरवायची, आणि उतरवलेली पाटी पुन्हा उचलायला दुसरी बाई लागते. पास दाखवायचा नसता तर पाटी डोक्यावरून सरळ गाडीच्या फरशीवर सरकते, एका हालचालीत, खांदा न वळवता. आणि एकदा चौदा पाट्या आत गेल्या की वाट बंद, मग तुला मशीन घेऊन मागे जाता येत नाही. हे सगळं मी तिथे उभ्या उभ्या पाहिलं. आईचा खांदा तेव्हाच दुखायला लागला होता. मी तुझ्याजवळ येऊन म्हटलं, "यांना पाटी उतरवायला लावू नका. तुम्ही सगळ्यांना ओळखता, पास आहेत हेही माहीत आहे." तू म्हणालास, "मग मशीनमध्ये येणार नाही." मी म्हटलं, "पैसे आधीच भरलेत ना? मशीनला काय करायचंय?"

हे मी म्हणाले. शब्द हेच होते.

दुसऱ्या दिवसापासून तू त्यांना तोंड पाहून आत घेऊ लागलास. आई तुझं कौतुक करायची. उधव्याचा पोऱ्या देवमाणूस आहे, म्हणायची, आणि मग माझ्याकडे बघून, "पण आमच्या मॅडमला देव कुठे चालतो, तिला तपासून पाहिजे." महालक्ष्मीच्या जत्रेत तू आम्हाला भेटलास तेव्हा ती मुद्दाम बांगड्यांच्या दुकानात अर्धा तास थांबली. तू मला त्या अर्ध्या तासात जे विचारलंस, त्यावर मी दिवाळीपर्यंत सांगते म्हटलं. दोन दिवाळ्या झाल्या. मी विसरले नव्हते. मला खात्री हवी होती, आणि खात्री कशाने होते ते मला ठरवता येत नव्हतं.

बस बंद झाल्यावर बायकांनी आधी रिक्षा करून पाहिल्या. सुक्या मासळीचा वास म्हणून रिक्षावाले थांबत नव्हते. दुसऱ्या मार्गावर छोट्या एसीच्या गारेगार गाड्या आहेत, त्यांत पाटी घेऊ देत नाहीत. पुढची गाडी आठ चाळीसची, आणि बाजारातलं खरं गिऱ्हाईक नऊला संपतं. म्हणून त्या चालत जाऊ लागल्या. थांब्यापासून बाजाराच्या दारापर्यंत चार किलोमीटर दोनशे मीटर, मध्ये उड्डाणपूल. आई एकोणीस दिवस गेली. विसाव्या दिवशी पुलाच्या चढावर तिचा हात सुटला आणि पाटी खाली आली. पुतळीमावशीने माल गोळा केला आणि आईला परतीच्या गाडीत बसवलं. त्या दिवसापासून ती घरी आहे. चौदापैकी आता चौघी चालतात. पुतळीमावशीनेही परवा सोडलं.

मी मागच्या सोमवारी पहाटे त्यांच्याबरोबर गेले, अर्धीच पाटी घेऊन. सात वेळा थांबले. बाजारात आईच्या जागेवर गोणपाट पसरून बसले, तर शेजारच्या बाईने शांतपणे सांगितलं, की लेक चालत नाही. ज्या बाईची जागा तिनेच बसायचं, हा बाजाराचा जुना नियम आहे, नाहीतर जागा भाड्याने फिरायला लागतात. चाळीस दिवस बाई आली नाही तर जागा दुसरीची. आजपर्यंत एकोणतीस झाले. अकरा उरले. ती जागा आईला तिच्या सासूकडून आली. त्या जागेवर माझा डिप्लोमा झाला.

आईला हे कसं कळलं तेही सांगते. बायकांनी फेरी बंद करण्यावर हरकतीचा अर्ज केला, तेव्हा त्यांना नोंदींचा कागद मिळाला, त्याच्या खाली तयार करणाऱ्याचं नाव छापलेलं असतं. पुतळीमावशीला वाचता येतं. तिने तो कागद आईसमोर ठेवला आणि गेली. आई चिडली नाही. ती बोंबील निवडत होती, निवडतच राहिली. मग म्हणाली, "मशीनला माझं तोंड दिसलं नाय, ते समजलं. तुला पण नाय दिसलं?" त्यानंतर ती माझ्याशी जेवणाखाण्यापुरतं बोलते. वाढताना मासळीचा चांगला तुकडा अजून मलाच देते.

सुनावणी येत्या सोमवारी अकरा वाजता, डेपोच्या वरच्या मजल्यावर. मी साहेबांकडे गेले होते. त्यांना सगळं सांगितलं, तुझं नाव सोडून. ते म्हणाले, बायकांचे अंगठे हा पुरावा नाही. पास हाही नाही, कारण तो कोणत्याही गाडीत चालतो. माझं म्हणणं तर मुळीच नाही, मी त्यांच्यातल्याच एकीची मुलगी. एकच गोष्ट चालेल. त्या फेरीवर कामाला असलेल्या कंडक्टरने लेखी द्यायचं, की पास मशीनला लावले जात नव्हते आणि रोज इतके प्रवासी नोंदीबाहेर होते. तसं असेल तर फेरी पुढच्याच आठवड्यात सुरू करावी लागेल. हे सांगून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, असं लिहून देणारा कंडक्टर अजून जन्माला यायचा आहे.

त्यांचं म्हणणं बरोबर आहे. नोंद न करणं म्हणजे कामातला गैरप्रकार, आणि तशी सही दिलेला माणूस पुन्हा कुठल्याही ठेकेदाराकडे लागत नाही. आणि तुला कदाचित अजून कळलं नसेल, म्हणून सांगते. नवीन ठेकेदार साठ जुन्या कंडक्टरांना परत घेणार आहे. यादी मी पाहिली आहे. तुझं नाव सदतिसावं आहे. हे न सांगताही मला तुझी सही मिळवता आली असती. तसं करायचं नाही म्हणून आधी लिहिलं.

पाकिटात दोन कागद आहेत. पहिला माझ्या निवेदनाची प्रत आहे, मूळ कागद माझ्याकडे आहे. मी या बससेवेत नोकरीला असताना कंडक्टरला पास न तपासण्याची विनंती केली, तो नियमाप्रमाणे वागत होता, माझ्या सांगण्यावरून थांबला. आणि यादी करताना आकडा चुकीचा आहे हे मला माहीत होतं, तरी मी तो तसाच पाठवला. त्यावर माझी सही आहे, तारीख आहे. तू आलास किंवा नाही आलास तरी तो मी सोमवारी देणार आहे. माझी नोकरी त्यानंतर राहणार नाही, ते धरून चालले आहे. पण तो एकटा कागद फक्त मला दोषी ठरवतो, गाडी परत आणत नाही. दुसऱ्या कागदावर चौदा जणींची नावं आहेत, मी त्यांना विचारून लिहिली, पहिलं नाव जमना, माझ्या आईचं. खाली कंडक्टरच्या नावाची आणि सहीची जागा मोकळी आहे. मी ती खूप वेळ पाहिली आणि तुझं नाव लिहिलं नाही.

मला नीट मागता येत नाही. लहानपणापासून मी कोणाकडे काही मागितलेलं नाही, त्याचा मला अभिमान होता. तुझ्याकडे मात्र एकदा मागितलं, त्या थांब्यावर, आणि तू दुसऱ्या दिवसापासून दिलंस, रोज दिलंस, दोन वर्षं. त्याने तुझी नोकरी गेली आणि मी मान वर केली नाही. आता दुसऱ्यांदा मागते आहे, आणि यानेही तुझी नोकरीच जाणार आहे. याच्या बदल्यात देण्यासारखं माझ्याकडे काही नाही. दिवाळीचं उत्तर आहे, पण ते मी या कागदांच्या बदल्यात देणार नाही. ते हो आहे. तू सही केलीस तरी, आणि हे पत्र चुलीत घातलंस तरी. सोमवारी पहाटे साडेतीनला मी आईला टेम्पोत बसवून घेऊन जाणार आहे, कागद तिच्यासमोरच द्यायचे आहेत. डहाणूहून गाडी चार चाळीसला सुटते. शेवटच्या डब्यापाशी आम्ही दोघी असू. आईने पाटी बरोबर घ्यायचा हट्ट धरला आहे, आणि तिला ती उचलू द्यायची नाही.

तुझीच, आणि हा शब्द मी खोडलेला नाही,
हिना