पूजेतला पाना

अप्पा, तुमच्यावर माझी एक गंभीर तक्रार आहे. दर खंडेनवमीला कोयते, पहारी, नट फिरवायचे पाने यांच्या रांगेत तुम्ही एक लोखंडी दांडा मांडायचा. वर लांब आडवी मूठ, खालच्या टोकाला कुंकवाचा गोळा. तुमच्यामागं मीही मांडत आलो. पाठशाळेत शिकलेला माणूस इतकी वर्षं एका अज्ञातनामगोत्र वस्तूवर मंत्र म्हणून फुलं वाहतोय, आणि तिची ओळख करून द्यायची तसदी तुम्ही घेतली नाही. देवाचंसुद्धा आधी नाव सांगतात.

यंदा जनवाड्याच्या मळ्यातलं तुमचं डिझेल इंजिन पुन्हा चालू करायचं मनात घेतलं. विजेची मोटर आहे, पण वीज तिच्या सवडीनं येते. इंजिनातलं जुनं तेल काढायचं तर तळाचा प्लग उघडायला हवा. त्याच्या तोंडात चौकोनी खाच, आणि तो समाधी घेतल्यासारखा घट्ट. त्यात बसेल असा पाना बिदरभर शोधला. सगळीकडं सहा कोनांच्या चाव्या. एका दुकानदारानं शांतपणे उपदेश केला, "साब, पाना नै मिलता, इंजन बदल लेव." स्क्रू-ड्रायव्हर अडकवून पाहिला तर खाचेचे कोपरेच झिजायला लागले. ते गेले असते तर प्लग फोडावा लागला असता, त्याबरोबर इंजिनाचा तळही. शेवटी मी भंगारवाल्याला निरोप दिला.

तेवढ्यात खंडेनवमीला तुमची नात कलबुर्गीहून आली. पूजेआधी हत्यारं साफ करायला बसली आणि रॉकेलच्या चिंधीनं तुमच्या दांड्यावरचं कुंकू घासून काढू लागली. मी विचारलं, देवाला आंघोळ घालायलीस का सोलायलीस? तिनं टोक माझ्यापुढं धरलं. "बाबा, ह्याला चार कोपरे हायत. तुम्ही पूजा कशाची करायलाव?"

आम्ही तसेच मळ्यात गेलो. तिनं खाच साफ करून रॉकेल सोडलं, पाना बसवला, आणि मला पूर्वीचे तुम्ही दिसलात, बैलगाडीच्या आखाशी वाकलेले, सांगताना, "आधी ठोक, मग फिरव. झोपल्याला उठवावं, मग काम सांगावं." मी ते तिला सांगितलं. तिनं हलके ठोके दिले, मग दोन्ही हातांनी जोर लावला. कट् आवाज झाला आणि प्लग फिरला. काळं तेल घमेल्यात पडत होतं आणि ती एक डोळा बारीक करून बघत होती, अगदी तुमच्यासारखी. अभिमान तुमचा जास्त वाटला की तिचा, हे ठरवायला एखादा मीमांसकच बोलवावा लागेल. संध्याकाळी इंजिन बोललं, पाटाला पाणी आलं. भंगारवाल्याला प्रसाद देऊन परत पाठवलं.

एक मात्र राहिलं. पाना आधी मीच हातात घेतला होता. टोक खाचेवर टेकेना. बाबा घाई करताहेत असं तिला वाटलं, म्हणून तिनं तो घेतला. शेवटी शेवटी तुम्ही चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचा. आम्ही समजायचो, सवय. त्या दांड्याची मूठही मागाहून जोडलेली दिसते, दोन हातांनी धरता यावी अशी. कामून, ते आता कळलं. तुम्ही कुणाला बोलला नाहीत. माझाही उजवा हात थरथरायलाय, अप्पा. या कागदावरचं अक्षर पाहून कुणीही ओळखेल, म्हणून हा कुणाला दाखवणार न्हाई.