फितूर पेशी

४ मार्च
आज मूळपेशी माझ्या स्कॅफोल्डवर सोडल्या. प्लास्टिकच्या ताटलीत ठेवलेला शर्टाच्या बटणाएवढा पांढरा तुकडा, आरपार छिद्रं. पेशी आत शिरतील, बिऱ्हाड थाटतील, पुढे त्याचं हाड होईल. प्रकल्प माझ्या स्कॅफोल्डवर चालवायचा की शेजारच्या टेबलावरच्या बाईंच्या, हे प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम महिनाअखेरीला ठरवणार. त्यात ठरवायचं काय? तोपर्यंत नम्र राहायचं.

६ मार्च
चहाच्या वेळी नम्रतेवर बोललो. चहा गार झाला. शेजारच्या बाई मध्येच म्हणाल्या, पेशी छिद्रांतून खाली गळत नाहीत ना, ते बघा. शंकासूर. म्हटलं, बाई, विश्वास नावाची चीज असते.

१२ मार्च, रविवार
पेशींना खाद्य घालायला निघालो. बायको म्हणाली, पोटच्या पोरीला भरवायला कधी उठला नाहीत. चोख उत्तर सुचलं, पण तोवर ती आत गेली होती. घरातूनच असहकार.

२० मार्च, सकाळ
रंगचाचणी. जिवंत पेशी असल्या की निळा द्रव गुलाबी होतो. माझी ताटली गुलाबीच गुलाबी. शंकासूरची फिक्कट. मॅडमना बोलावून उभ्या उभ्या दोन शब्द बोललो. मॅडम खुर्ची ओढून बसल्या.

२० मार्च, दुपार
शंकासूर म्हणाली, स्कॅफोल्ड उचलून नव्या ताटलीत ठेवा आणि मग चाचणी करा, मी तशीच केलीय. केली. मन मोठं आहे माझं. द्रव निळाच राहिला.
मॅडमनी जुनी ताटली सूक्ष्मदर्शकाखाली धरली. सगळ्या पेशी तळाच्या प्लास्टिकवर. दाटीवाटीने, मजेत. मी बांधलेल्या घरात चिटपाखरू नाही. हाताने भरवलेल्या पेशी फितूर झाल्या, त्याही प्लास्टिकला. काही तत्त्व?

२३ मार्च
आज कळलं, शंकासूरच्या ताटलीच्या तळाला पेशी चिकटूच नयेत असा लेप असतो. म्हणजे पळायला वाटच ठेवायची नाही. याला मी निष्ठा म्हणत नाही.

३१ मार्च
प्रकल्प तिच्या स्कॅफोल्डवर. मॅडम मला म्हणाल्या, प्लास्टिकवर पेशी तुमच्याइतक्या छान कुणाच्याच वाढत नाहीत, तिला लागतील तेवढ्या तुम्ही पुरवा.
राजीनामा देणार. आधी निषेधाचं भाषण.

३ एप्रिल
भाषण तयार. म्हटलं, जाता जाता पेशी देऊन टाकू. सकाळी दिल्या. संध्याकाळी शंकासूरने बोलावून दाखवलं. तिच्या स्कॅफोल्डला चिकटल्या होत्या, माझ्याच पेशी, घट्ट. तिथेच भाषणाला उभा राहिलो. ती म्हणाली, टेबलावर हात आपटू नका हं, आत्ताच बसल्यात.
हळू आवाजात निषेध करता येत नाही. किती खाद्य घालू, ते विचारून घेतलं.