शेळी ठेवली, भाऊ कापला

आबा, सगळ्यात आधी आली ती जिंतूरची विहीणबाई. मी बोलावलं होतं परभणीच्या मिक्सिंगवाल्याला, पण पहिल्या एसटीनं उतरली ही. ठेवणीतलं लुगडं नेसून आली अन् उंबऱ्यातूनच म्हणते, "काय वो विहीणबाई, एका कॅसेटीवरून एवढी तकरार? लगीन तर चांगलं झालं ना?" मी म्हणलं, "लगीन झालं. पण तुमच्या कॅसेटीत आमच्याकडचं माणूस न्हाई. आधी पाय धुवा, मग भांडू." तिच्या मागून तिचा भाऊ आला, म्हणजे आमच्या नातजावयाचा मामा, गळ्यात कॅमेरा अडकवून. तो बाहेरदेशी नोकरीला असतो, कॅमेराही तिकडचाच. अन् शेवटी आला तो मिक्सिंगवाला, मशीन चादरीत गुंडाळून लेकरासारखं छातीशी धरलेलं. परभणीत विद्यापीठाच्या नामांतराचा मोर्चा होता, गाड्या थांबल्या होत्या, म्हणून उशीर झाला म्हणाला. तोवर म्हातारीचा राग निवेल असं त्याला वाटलं असेल. चहा निवला होता, राग नव्हता.

तुम्हाला ह्यातलं काय मालूम असणार म्हणा. तुम्ही गेलात तेव्हा आपल्या मानवत गावात फोटो काढायचा म्हणजे काळ्या कापडात मुंडकं घालणारा माणूस. आता फोटो चालतात, आबा. बोलतात, हसतात, जेवताना तोंडावर हात धरतात. माझ्या नातीचं लग्न झालं ह्या वैशाखात, इथंच पेडगावात, आमच्या दारात. तिला डोळे भरून बघितलं तरी मन भरेना, तर हिचं लग्न म्हणे पुन्हा पुन्हा बघता येणार. मी किती हरखले होते काय सांगू. पोरीला मी नाचणी म्हणायची, तर खरंच लग्नात सासरच्या पोरींसंगं नाचली, आणि मी रागावले नाही. पण ते राहू द्या, भाऊचं सांगायचंय.

मामाच्या कॅमेऱ्यात कॅसेट असते ती एवढीशी, तुमच्या तंबाखूच्या डबीएवढी. आणि व्हीसीआरमध्ये जाते ती विटेएवढी. डबी काही विटेच्या भोकात बसत नाही. म्हणून परभणीचा हा माणूस कॅमेऱ्यातून वायर काढून मशीनला लावतो आणि लहानीवरचं मोठीवर उतरवतो. मला वाटलं, जसं ह्या भांड्यातलं दूध त्या भांड्यात ओतावं तसं असेल, भसकन. तर नाही. लग्नाला जेवढा वेळ लागला तेवढाच वेळ उतरवायला लागतो, सगळं पुन्हा चालवावं लागतं. मग त्याला कंटाळा येतो. मग तो कापतो. कापून मध्ये कमळं घालतो, झरे घालतो, बदाम घालतो, वर सिनेमाची गाणी सोडतो, आणि ह्याला मिक्सिंग म्हणतात.

ती मिक्सिंगची कॅसेट आली तेव्हा आम्ही भाड्यानं व्हीसीआर आणला, टीव्ही अंगणात मांडला. भाऊला मानवतहून बोलावणं धाडलं. तो लग्नातलाच फेटा बांधून आला, आबा. पिक्चरमध्ये दिसणाऱ्या माणसानं बघायलाही तसंच बसावं असं त्याला वाटलं. सगळ्यात पुढं मांडी घालून बसला. कॅसेट सुरू झाली. विहीणबाई आल्या कमळातून. पाकळ्या उघडल्या की आत विहीणबाई, पाकळ्या मिटल्या, पुन्हा उघडल्या, पुन्हा विहीणबाई. नवऱ्याकडच्या पोरी नाचल्या. वाढपी धावले. बँडवाला गाल फुगवून फुगवून लाल. आमची शेळीसुद्धा आली, मांडवाचा आंब्याच्या पानांचा टाळा ओढून खाताना, वर गाणं वाजत होतं. सगळी गल्ली हसली. भाऊही हसला. पुढं अक्षता झाल्या, पंगत झाली, पोरगी रडली, गाडी गेली, आणि टीव्हीवर मुंग्या आल्या. भाऊ तसाच बसून. मग माझ्याकडं वळून हळू विचारलं, "बाई, मी आल्तो ना गं लग्नाला?"

न जेवता गेला तो. ताट केलं होतं. एसटी चुकंल म्हणाला. एसटीला वेळ होता.

तेव्हापासून माझं डोकं पेटलेलं. म्हणून आज सगळ्यांना बसवलं आणि त्या मिक्सिंगवाल्याला विचारलं, "आमची माणसं कुठं गेली रं बाबा? माझा भाऊ, मी, माझ्या जावा, नणंद, सगळे मांडवात वळीनं हुबे व्हते. मामानं कॅमेरा धरला व्हता, मी सोता पाह्यलं."

तो डोकं खाजवायला लागला. "आजी, खरं सांगू का? मला वाटलं कॅसेट अटकली."

"अटकली म्हणजे?"

"म्हणजे कुणीच हलंना. पापणी बी हलंना. मी मशीनला दोन थापडा मारल्या. म्हणलं पट्टी खराब झाली जणू, म्हणून पुढचं न बघताच तेवढं काढून टाकलं."

मामा तोंडावर रुमाल धरून हसायला लागला. म्हणे, "मी बी वाट बघायलोय हे हलतील, अन् हे वाट बघायलेत माझा कॅमेरा वाजंल!"

मग काय करावं, आबा? कॅमेरा समोर आला की उभं राहायचं, हात सरळ, श्वास धरून, खटका वाजेपर्यंत. ही शिस्त आम्हाला तुम्ही लावली. खटका वाजलाच नाही, तर माणूस हलेल कसा? भाऊ तर मामा निघून गेल्यावरही उभा होता. आणि जे शिस्तीत उभे राहिले ते कापले, जे माकडासारखे नाचले ते राहिले. मी म्हणलं त्याला, "अटकली म्हणतोस, तर मागून शेळी माझ्या लुगड्याला घासत चालत गेली ती दिसली न्हाई का तुला? अटकलेल्या कॅसेटीत शेळी चालती का? शेळी ठिवलीस अन् माझा भाऊ कापलास!" विहीणबाई चहात बघायला लागल्या.

आता तुम्हाला सांगते मला एवढं का लागलं. तुम्ही आम्हा दोघांना घेऊन त्या फोटोवाल्याकडं गेला होता, आठवतं? आडतीवर कापसाची मापं संपली होती, तुमच्या मिशांना अजून कापूस चिकटलेला. मला हिरवं परकराचं कापड घेऊन शिवलं होतं, नवं, कडक, चालताना वाजायचं. तुम्ही मध्ये खुर्चीवर, इकडं भाऊ, तिकडं मी. मला पाठीवर मुंगी चावल्यासारखं झालं आणि मी चुळबुळ केली, तर तुम्ही कसलं खेकसलात, "हलू नगंस म्हणलं ना! हललीस की तोंड जाईल." मी दगड झाले. भाऊ दगड झाला. आणि ऐन वेळेला, मी हलते का ते बघायला तुम्हीच वळलात. फोटो आला तर आम्ही दोघं लख्ख, आणि तुमच्या डोईच्या रुमालाखाली नुसतं धुकं. पुढल्या सुगीला तुम्ही नव्हता. पोत्यांवर नावं घालायच्या शाईनं तुम्ही मला अक्षरं शिकवली, त्याच अक्षरांत हे लिहितेय. पण ज्यानं शिकवली त्याचं तोंड माझ्याकडं नाही. नातवंडं विचारतात, हे कोण? मी सांगते, माझे वडील. तोंड कुठाय? हलले.

पण भाऊ म्हातारा झाला तसा तुमच्यावर गेला. नाक तेच, कपाळावरची उभी आठी तीच, रागावल्यावर एक भुवई वर जाते ती तीच. मी त्या मामाला मुद्दाम त्याच्यापाशी नेलं होतं. म्हणलं, एकदा तरी तुमचं तोंड कशात तरी धरून ठेवावं. आणि ह्या बहाद्दरानं थापडा मारून काढून टाकलं.

मी विचारलं, मग आता मोठी कॅसेट पुन्हा करा. मिक्सिंगवाला म्हणतो, मोठीवरून मोठी केली की चेहरे फिके पडतात, आणि तिच्यात तर ते नाहीतच. लहानीवरूनच पुन्हा उतरवावं लागेल. अन् लहानी कुठाय? मामा म्हणाला, "हाय की, कॅमेऱ्यातच हाय. तिच्यावरच पुतण्याच्या लेकराचं बारसं घ्यायलोय ह्या आठवड्यात."

"म्हणजे वरून बारसं घेतलं की खालचं?"

"पुसतंय मावशी."

मी उठले आणि त्याच्या गळ्यातला पट्टा धरला. विहीणबाई म्हणाल्या, "अवो विहीणबाई, हे काय! पाव्हणा हाय तो!" मी म्हणलं, "माझा भाऊ बी पाव्हणाच व्हता त्या दिवशी. आधी दावा, हाय का गेला." मग मामानंच वायर काढली, कॅमेरा आमच्या टीव्हीला जोडला. ना कमळ, ना गाणं. नुसता मांडव, लोकांची कलकल, आणि मग आम्ही. सगळे वळीनं. भाऊ मध्ये, फेट्यात, हात सरळ, समोर बघतोय, एक भुवई वर. आबा, मी टीव्हीच्या काचेला हात लावला.

मिक्सिंगवाल्यालाही काय वाटलं कोण जाणे. मवाळ होऊन म्हणाला, "आजी, आजोबांला बी कमळात बसवू का? गुलाब बी हाय माझ्याकडं."

"काय घालू नगंस. गाणं बी नगं. हुबं ऱ्हाऊ दे."

"सगळंच ठिवू? लय वेळ हुबे हायेत."

"जेवढं हुबे हायेत तेवढं."

विहीणबाई पुटपुटल्या, "बघणाराला कटाळा येईल बाई."

"येऊ द्या. तुमच्या कमळाला आमी कटाळलो का?" तशी ती हसली, मग मीही हसले. पोरगी त्यांच्याकडं सुखात आहे, भांडण तरी किती ताणायचं. जाताना तिच्या ओटीत खण घातला. मामानं बारशाला दुसरी कॅसेट वापरायची शपथ घेतली, पण शपथेवर माझा भरवसा नाही, म्हणून लहानी काढून घेतली. डब्यात ज्वारीत पुरून ठेवलीय. कॅमेरा आणि मशीन घेऊन दोघं येत्या रविवारी येणार, इथंच माझ्यासमोर बसून उतरवून देणार. भाऊला निरोप गेलाय, फेटा बांधून ये.

हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून त्या धुक्याच्या फोटोमागं खोचून ठेवते. एक मात्र त्या तिघांपुढं बोलले नाही, तुम्हालाच सांगते. टीव्हीवर सगळे दगडासारखे उभे होते आणि मीही, बराच वेळ. मग मधेच मी मान वळवली आणि भाऊकडं बघितलं, हा हलतोय का म्हणून. अगदी तुमच्यासारखी. आणि माझं तोंड गेलं नाही, आबा, लख्ख दिसलं. भाऊला अजून सांगितलेलं नाही. रविवारी त्याला दिसेलच.