पुलापलीकडची बाई

दि. १४, मंगळवार
दुपारी, जवळजवळ रिकाम्या वॉर्डातून

प्रिय लंबू,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. कंबर कशी आहे? एकटीनं बाळंतपणं करतेस, त्याचंच ते दुखणं. मी असते तर शेकून दिली असती.

इकडे सगळं ठीक. बाळांना ऊब देणारी सहा नवी यंत्रं आलीत. पाचांवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही. पुलापलीकडे तुझ्या दवाखान्यात लसींचा साधा फ्रीजही बंद पडलाय हे ठाऊक आहे मला. पण हे हॉस्पिटल चालवणाऱ्या परदेशी संस्थेच्या नकाशात पूल हीच हद्द. अलीकडच्या बायकांना इथल्या उपचारांचं कार्ड मिळतं, पलीकडच्यांना नाही. प्रकल्प अधिकारी म्हणतात, "पुढच्या टप्प्यात बघू."

तिप्पट पगारासाठी मी तुला सोडून इकडे आले, तेव्हा तू पुलापर्यंत माझी बॅग उचलून आणलीस आणि एक शब्द बोलली नाहीस. बोलली असतीस तर बरं झालं असतं.

गेले काही दिवस इथे एक विचित्र प्रकार चाललाय. तपासायला येणाऱ्या बायका आत आल्या की सांगतात, "सिस्टर, बाहेर बाकावर एक बाई आहे. पाळी तिची होती, पण मला म्हणाली, तुम्ही व्हा पुढे, माझं अजून विचारतायत." मी उठून पाहिलं. बाक रिकामा. दोन दिवसांनी दुसरीनं तेच सांगितलं, मग तिसरीनं. या एकमेकींना ओळखतही नाहीत. भर उन्हात मी बाकाखालच्या फरशीला हात लावला. ओली होती. सफाईवाली म्हणाली, "मी आज तिथे पाणी टाकलंच नाही."

तू दोन्ही पत्रांत विचारलंस, चिठ्ठी देऊन पाठवलेली बाई कशी आहे. तुझे फोनही मी उचलले नाहीत. आता सांगते.

ती सकाळी अकराच्या सुमारास आली. हातगाडीवाला तिला बाकावर बसवून निघून गेला. रक्त जात होतं. अधिकारी म्हणाले, "कार्ड नाही. थांबा, वर विचारतो." त्यांचं वरचं ऑफिस समुद्रापार, तिथे तेव्हा पहाट, फोन कोण उचलणार? प्रसूतीच्या खोलीची किल्ली माझ्या खिशात होती, लंबू. मी दोन तास बाकापासून खोलीपर्यंत येरझाऱ्या घातल्या. ती मलाच म्हणाली, "सिस्टर, दमाल. बसा."

शेवटी मी कुलूप उघडलं तेव्हा फक्त मुलगी वाचली.

अधिकारी म्हणाले, "कार्ड नाही, म्हणजे ती आपल्याकडे आलीच नाही." मी मान डोलावली. तुझ्या चिठ्ठीवर तिचं नाव होतं. ती मी कुणाला दाखवली नाही. जिल्ह्याच्या शवागारात ती बेवारस म्हणून पडलीय. मुलगी इथेच आहे, सहाव्या यंत्रात. अंग धरलंय, दूध नीट पिते. रडायला लागली की मध्येच थांबते आणि बाकाकडच्या भिंतीकडे मान वळवते. तेव्हा मी खोलीत थांबत नाही.

काल पलीकडून आणखी एक आली, कळा देत. दारातच माझा हात धरून म्हणाली, "आधी त्या बाईला घ्या, तिचे हात बर्फासारखे झालेत." मी मागे पाहिलं नाही. हिला सरळ आत घेतलं. अधिकारी दारात उभे राहिले.

"कार्ड?"

"नाही."

"मग?"

"मग काय? मी हात धुतलेत. तुम्ही बाजूला व्हा."

मुलगा झाला. दोघंही बरी आहेत. आज माझ्याकडे लेखी खुलासा मागितलाय. मी त्यात कालचं थोडं आणि ती बाकावरची बाई गेली त्या दिवशीचं सगळं लिहिलं. नोकरी जाईल बहुतेक.

त्या गेलेल्या बाईचा नवरा शनिवारी बोटीवरून परततोय, असं तू लिहिलंयस. मी उद्या शवागारात जाऊन तिचं नाव सांगते. शनिवारी मुलीला घेऊन पूल ओलांडते. त्याला मीच सांगेन, तू फक्त शेजारी उभी राहा. राहावंसं वाटलं नाही, तरी मी समजेन.

तू ठेवशील त्या नात्यानं तुझी,
बुटकी