उंदरांच्या पंगतीला बसलेला भाऊ

ती. आक्का,

साष्टांग नमस्कार. (कागदावरच. खरोखर पालथं पडलो की उजव्या बरगडीखाली काहीतरी टोचल्यासारखं होतं, आणि ते काय आहे हे कळू नये म्हणूनच मी इतके दिवस जिवाचं रान करतो आहे.) तुझे गुडघे, भावोजींचा खोकला आणि टीव्हीच्या आवाजावरून तुमचं चालणारं भांडण, सगळं पूर्वीसारखंच खणखणीत असेल अशी आशा करतो.

आईकडून तुला बांगड्या मिळाल्या, मला नाक मिळालं आणि दोघांना मिळून तो 'बी' प्रकारच्या काविळीचा विषाणू. ती यकृताच्या कर्करोगानं गेली तेव्हा डॉक्टरांनी आपल्याला समोर बसवून बजावलं होतं, की दर सहा महिन्यांनी रक्त आणि पोटाची सोनोग्राफी, चुकवायचं नाही. तू मान डोलावलीस, मीही डोलावली. (मान डोलावण्यात आपलं घराणं कुणाला हार जायचं नाही.) यंदा मी चुकवली. आमच्या चष्म्याच्या दुकानात 'डोळे वेळेवर तपासून घ्या' अशी पाटी माझ्याच डोक्यावर टांगलेली आहे, आणि उशिरा येणाऱ्या गिऱ्हाइकाला मी असा फैलावर घेतो की परवा एक बाई नवा चष्मा घालायच्या आधीच रडल्या. पण माझ्या पोटाचा विषय निघाला, की मला शोकेसच्या काचा पुसायच्या असतात.

(आत्ता मध्येच उठून गॅलरीत जाऊन आलो. तिथं काही नव्हतं. खुर्चीत बसवत नाही, इतकंच.)

तपासणी नको म्हटल्यावर उरतं ते खाणं. वनस्पतींतली काही द्रव्यं यकृताच्या कर्करोगाला अटकाव करू शकतील का, यावर संशोधन चालू आहे असं पेपरात आलं होतं. मी 'चालू आहे' वाचून थांबलो नाही, थेट मंडईत गेलो. कोबी, ब्रोकोली, सालीसकट द्राक्षं, दुधात हळद, दुधाशिवाय हळद. दुकानात माझ्याशेजारी बसणाऱ्यानं टेबल खिडकीकडे सरकवलं. तुझी भावजय म्हणाली, "नवरा आहात की परसबाग?" मी ते कौतुक समजलो.

आणि मग मला माझा मेहुणा आठवला. हिचा धाकटा भाऊ, घरात ज्याला सगळे 'शास्त्रज्ञ' म्हणतात तो. तो प्रयोगशाळेत उंदरांचं खाणं कालवतो. तिथं नेमका हाच प्रयोग आहे, असं त्यानं एकदा जेवता जेवता सांगितलं होतं : काही उंदरांच्या खाण्यात या वनस्पतींचे अर्क मिसळतात आणि त्यांच्या यकृताचं काय होतं ते बघतात. म्हटलं, हे काम पक्कं. कोबीचे गड्डे चावत बसण्यापेक्षा सरळ अर्कच का खाऊ नये? मी त्याच्या इतका मागे लागलो, की एके दिवशी त्यानं कंटाळून एक डबा आणून आदळला. आत बोटाच्या पेराएवढ्या तपकिरी गोळ्या. चव पुठ्ठ्याची, वास पावसात भिजलेल्या पोत्याचा. पण गुण! पहिल्याच आठवड्यात झोप लागली. शर्टाची बटणं लागली. बरगडीखालचं टोचणं गेलं. मी सोसायटीच्या जिन्यात उभा राहून पानाफुलांच्या शक्तीवर बोलू लागलो आणि लोक लिफ्ट वापरू लागले. एक डबा तुलाही पाठवला, आणि तुझं उत्तर आलं, 'खूप हलकं वाटतंय रे, आता कशाला ती तपासणी!' ते वाचून मला केवढा अभिमान वाटला होता.

काल मेहुणा आला. मी आणखी डबा मागितला, तर पायातला बूट काढता काढता म्हणाला,

"दाजी, किती खाताय! अहो, तो साधा डबा होता."

"साधा म्हणजे?"

"अर्कवाला कुलपात असतो. तो आणला तर माझी नोकरी जाईल. ज्या उंदरांना काहीच द्यायचं नसतं, नुसतं तुलनेसाठी ठेवायचं असतं, त्यांचं खाणं तुम्ही खाल्लंत."

"अरे पण मला बरं वाटलं!"

"वाटणारच. एवढ्या गोळ्या खाल्ल्यावर जेवायला जागा राहते का कुणाला?"

मी जरा वेळानं, अगदी सहज विचारल्यासारखं, विचारलं, की त्या साध्या डब्यावरच्या उंदरांचं पुढं काय झालं. त्यानं बूट जागेवर नीट लावून ठेवला.

"ते मला कुणी सांगत नाही. पण एक आहे, दाजी. त्यांची तपासणी वेळच्या वेळी होते. एकाचीसुद्धा चुकत नाही."

तेव्हापासून परत टोचतंय.

भावोजींना नमस्कार. मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता.क. डब्यात उरलेल्या गोळ्यांनी अपाय नाही, गुणही नाही. पाहुण्यांना देऊ नकोस.

ता.क. दुसरा. सोमवारी सकाळची वेळ घेतली आहे. दोन नावं लिहून दिली आहेत. रविवारी रात्रीच मुक्कामाला ये. उपाशीपोटी जायचं आहे, तेव्हा वाटेत खायला काही आणू नकोस, विशेषतः हिरवं.

ता.क. तिसरा. मी तुझ्या काळजीपोटी बोलावतोय असं भावोजींना सांग. तुला म्हणून सांगतो, मी दोनदा त्या दवाखान्याच्या फाटकाला हात लावून परत आलो आहे. आत तू पुढं हो.