सुकटीची पेटी

आये, पेटी गावच्या घराच्या माळ्यावरून खाली आली आहे. परवा सकाळच्या गाडीने निघते. तुला विचारायचं म्हणून हे लिहीत नाही. विचारायचं ते एकदा विचारून झालं होतं आणि त्याचं उत्तरही मिळालं होतं. आता फक्त सांगते आहे. स्कॉटलंडला चालले आहे, समुद्रातली शेवाळं शिकायला, अडीच महिने. उन्हाळ्याचा अभ्यासक्रम आहे. हो, पुन्हा उन्हाळ्याचाच, आणि पुन्हा निघायचं ते मिरगाच्या तोंडावरच. तू असतीस तर चुलीपुढून मान वर न करता म्हणाली असतीस, "उन्हाळा सरल्यावर उन्हाळ्याचं शिकायला जातंस? फसवतात गो तुला." तेव्हाही हेच म्हणाली होतीस. त्यांच्याकडे ऊन चढायलाच जून उजाडतो, असं मी तुझ्याशेजारी बसून किती समजावलं होतं. तू भाकरी उलटलीस, बस्स.

पेटी धाकट्याने गावाहून आणून दिली. तुझा धाकटा आता पन्नाशीच्या पुढे गेला, केस गेले, पण बोलतो अजून तसाच, गालात सुपारी धरून. रत्नागिरीच्या माझ्या घराचा जिना चढून आला, पेटी जमिनीवर ठेवली आणि तिच्याकडे बघत कमरेवर हात देऊन उभा राहिला.

"ताये, हिला चाकं नाहीत."

"मला हात आहेत."

"हल्ली चाकांची मिळते गो. बोटाने ढकलली तरी चालते. मी आणून देतो."

"मी मागितली?"

"विमानतळावर कुत्री असतात, वास घेणारी. तुला धरून बाजूला बसवतील, मंग?"

"बसवू देत. सांगेन, आमच्या आईची आगोट आहे, पावसाळ्याची बेगमी, सुकी मासळी."

हसताना त्याची सुपारी घशात गेली. पाणी पिऊन झाल्यावर मात्र तोंड गंभीर करून बसला. "पण ह्या वयात, ताये? ऐन पावसात घर बंद टाकून? भिंतींना ओल धरेल, कपाटातली पुस्तकं बुरसतील. कोण बघणार?"

ऐकलंस? आवाज त्याचा, बोलणं तुझं. मी घराची किल्ली त्याच्या हातात दिली. "तू बघणार. आठवड्यातून एकदा यायचं, पाऊस थांबलेला बघून खिडक्या उघडायच्या, पंखे लावायचे." "मी?" म्हणाला. "मग कोण, ती कुत्री?" त्याने किल्ली मुकाट्याने खिशात टाकली. तुझ्यापुढे मला एवढंही जमलं नव्हतं.

कॉलेजचं शेवटचं वर्ष आठवतं का तुला? वनस्पतीशास्त्राच्या सरांबरोबर आम्ही सुकतीच्या वेळी, पाणी ओसरलं की, मिऱ्याच्या खडकांवर जायचो. ओटीत शेवाळं गोळा करायची, वसतिगृहावर आणून कागदावर पसरायची, दाबून वाळवायची. वाळलेलं शेवाळ कागदाला असं चिकटून बसतं की रंगवलेलंच वाटावं. मला त्यात गती होती. सरांनी माझं नाव परदेशी पाठवलं आणि तिकडून बोलावणं आलं. जाणं-येणं, राहणं, सगळं त्यांचं. मी सुट्टीला घरी येऊन तुला सांगितलं. तू विचारलंस, "शेवाळं? ती बगायला परदेशात? आपल्या बावीच्या पायऱ्यांवर काय कमी हायत?" मला हसू आलं होतं. तू थट्टा करत नव्हतीस हे मला उशिरा कळलं.

बाबा मुंबईला गोदामात होते. त्यांनी गावच्या एका माणसाबरोबर एसटीच्या टपावरून ही पेटी धाडली. गडद निळी, कडक पाठीची, कडेने रबराची पट्टी आणि पुढे दोन चाप. चाप लावले की टक्क असा आवाज यायचा, तो ऐकायला वाडीतली पोरं ओटीवर जमायची. आपल्या घरात त्याआधी पत्र्याच्या ट्रंकेपलीकडे काही आलं नव्हतं. निरोप होता, पोरीला जाऊ दे. तू निरोप्यालाच धारेवर धरलंस, "आणि लावणीला तो येतो काय?" तो बिचारा चहा अर्धा ठेवून उठला. मी मात्र पेटी भरायला घेतली. रोज भरायची, रोज उपसायची, पुन्हा भरायची. मैत्रिणीकडून मागून आणलेला स्वेटर तळाशी जावा की वर, यावर माझे दोन दिवस गेले होते.

त्या दिवशी मी पासपोर्ट घेऊन रत्नागिरीहून येते आहे. मे सरत आला आहे, घाटी चढताना पायाखालचा कातळ भाजतो आहे. अंगणात शिरते तर वळणीवर माझे कपडे. दोन पंजाबी ड्रेस, परकर, तो स्वेटर, सगळं धुऊन, नीट चिमटे लावून वाळत घातलेलं. मला वाटतं, आये मानली. निघायच्या आधी कपडे धुऊन ठेवलेत. पासपोर्ट हातात नाचवत मी स्वयंपाकघरात जाते. तू जमिनीवर बसली आहेस, पुढ्यात पेटी उघडी, आणि तू तिच्यात बोंबील रचते आहेस, एकाचं डोकं तर दुसऱ्याचं शेपूट. एका बाजूला फडक्यात बांधलेली सुकट. वर कागदात सोडे, सुकी कोळंबी. नाटे गावची मासळीवाली सकाळी येऊन गेली होती.

"झाकान घट्ट बसतंय," तू म्हणतेस. "मुंगी शिरायची नाय. माठातली गेल्या साली सादळली."

"आये, ती माझी पेटी."

"हाय ना तुजीच. घरातच हाय, कुठं पळतेय?" मग हात न थांबवता, "तीन घरांना सावड दिलीय. तुजे हात धरून."

संपलं. आरडाओरड नाही, रडणं नाही. वाडीत पैसे मोजून मजूर कोण लावत होतं? आपण त्यांच्या शेतात उतरायचं, ते आपल्या शेतात उतरणार, एवढ्या सावडीवर गावची लावणी उभी राहायची. बाबा मुंबईत, धाकटा चिखलात उभा केला तर मांडीपर्यंत बुडणारा. तुझे एकटीचे हात देऊन आपल्याकडे कोण आलं असतं? म्हणून तू माझे दिलेस. मी गेले असते तर त्या तीन घरांपुढे तू खोटी पडली असतीस आणि आपली शेतं पडीक राहिली असती. हे सगळं मला तेव्हाही कळत होतं. तुझं कारण खरं होतं, आये. ते मी कधी नाकारलं नाही.

पण मला विचारलं नाहीस. दोन हात माझ्या खांद्यांना होते आणि ते तीन घरांत देऊन झाल्यावर मला कळलं. त्याचा राग तेव्हा होता, आजही आहे. लोक म्हणतात, गेलेल्या माणसावर राग धरू नये. का धरू नये? तुझं प्रेम मी धरून ठेवलंय, तुझ्या हातची चव धरून ठेवली, कमरेत वाकून चालायची तुझी ढब आता माझ्यात आली आहे. रागच तेवढा सोडून द्यायचा, हे मला पटत नाही. पाहुणे आले की त्यांच्यापुढे तू मान ताठ करून सांगायचीस, "माझी पोर मास्तरीण हाय." होते. हायस्कुलात शास्त्र शिकवलं, मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाले, पोरं मला टरकून असायची. पण मास्तरीण व्हायला मी नाही म्हटलं नव्हतं म्हणून झाले. जे मागितलं होतं ते हे नव्हतं.

आणि मी जी लावणी केली ती तुझं ऐकून केली, असं तुला वाटत राहिलं. तसं नव्हतं. त्या घरांना शब्द गेला होता म्हणून केली. त्या तीन घरांच्या आणि आपल्या शेतात उतरले, इरल्याखाली पाठ मोडून रोपं लावली, एका दिवसाचा खाडा केला नाही. फक्त त्या पेटीतलं खाल्लं नाही. ते आठवतंय ना? माठातली सुकट त्या साली पुन्हा सादळली, अख्खा पाऊस पेटीवरच निघाला. तू चाप उघडायचीस, टक्क, आणि मी चुलीकडे पाठ करून बसायचे. तू ताटात वाढायचीस, मी ताटाच्या कडेला सारायचे आणि कुळथाच्या पिठीशी भात गिळायचे. धाकटा हात लांब करून माझी वाटणी उचलायचा. एक दिवस तू म्हणालीस, "पेटीचा राग माशावर काडू नको." मी म्हटलं, "मग कोणावर काढू, तेवढं सांग." तू पाण्याचा तांब्या माझ्यापुढे सरकवलास आणि बाहेर निघून गेलीस.

आता ही पेटी. निवृत्त झाल्यावर मी पुन्हा मिऱ्याला जायला लागले. गुडघ्याला पट्टा बांधून, रबरी चपला घालून, सुकतीचं वेळापत्रक पाहून. लोक कुतूहलाने थांबतात, "बाई, काय हरवलं काय?" विचारतात. मी म्हणते, सापडतंय. गेल्या दिवाळीनंतर या अभ्यासक्रमाची माहिती मिळाली. वयाची अट नव्हती. अर्जात विचारलं होतं, आपल्याला हे का शिकायचं आहे. मी लिहिलं, माझी जागा एकदा राहिली आहे. त्यांनी घेतलं. देश तेव्हाचा नाही, पण समुद्र सगळा एकच.

पेटी मी साबणाने धुतली, राखेने घासली, लिंबं चोळली, गच्चीवर उन्हात आठवडाभर तोंड वासून ठेवली. शेजारची म्हणाली, "बाई, गच्चीत मासळी सुकवता?" मी म्हटलं, हो. रबराच्या पट्टीच्या खाचेत काडी घालून साफ करताना दोन जवळे निघाले, नखाएवढे, काचेसारखे पारदर्शक, डोळ्यांच्या काळ्या ठिपक्यांसकट. चाळीस वर्षांत त्यांना काही झालेलं नाही. मुंगी शिरायची नाही म्हणाली होतीस, ते खरं ठरलं. वास मात्र गेला नाही. कमी झाला, गेला नाही. आता त्यात कपडे भरले आहेत. चार सलवार-कुर्ते, रेनकोट, कारण त्यांच्या उन्हाळ्यात म्हणे रोज पाऊस असतो. हे तुला सांगितलं असतं तर तू चूल सोडून हसायला बाहेर आली असतीस. पावसातून उठून पावसात चाललेय. स्वेटर या वेळी माझा स्वतःचा, आणि तो तळाशी घातला आहे. सरांनी दिलेलं भिंग रुमालात. टीपकागदाचा जाड गठ्ठा. रबरी चपला वर्तमानपत्रात. औषधांची पिशवी, तिचं वजन बाकी सगळ्याच्या वरचढ. पेटी रिकामीच जड आहे, धाकट्याचं चाकांचं म्हणणं बरोबर आहे, म्हणून दोन कुर्ते काढून ठेवले. पेटी बदलली नाही.

नवी बॅग घेतली असती तर मला कोणी अडवलं नसतं, हे मलाही कळतं. पण ही पेटी या कामासाठी आली होती. बाबांनी टपावरून धाडली ती मासळीसाठी नव्हे. तू तिच्यात बोंबील रचलेस, मी तिच्यात माझे कपडे रचते आहे, त्याच जागी, तितकेच घट्ट. काल चाप लावून पाहिले. एक सैल झालाय, त्याला सुतळी बांधणार आहे. दुसरा अजून तसाच वाजतो. धाकटा चहा पीत बसला होता, आवाज ऐकून दचकून वर बघितलंन. "सुकट काढलीस काय गो?" म्हणाला.

जाताना त्याने पिशवीतून सोड्यांची पुडी काढून पुढे केली. "तिकडं काय खाशील?" मी ती परत त्याच्या पिशवीत घातली. या पेटीतून मासळी जाणार नाही, आये. एकदा गेली तेवढी पुरे.

हा कागद कुठे धाडायचा नाही. पेटीच्या तळाशी वर्तमानपत्र अंथरलंय, त्यावर हा पालथा घालीन आणि वर कपडे रचीन. कागद वास ओढून घेतो, तेवढा उपयोग.

एक राहिलं. त्या पावसात मी सुकटीला शिवले नाही असं वर लिहिलंय, आणि आजवर सगळ्यांना तेच सांगत आले. एका दुपारी शेतावर भाकऱ्या न्यायला तू मला घरी धाडलंस. घरात कोणी नव्हतं. मी टोपावरचं झाकण काढलं आणि उभ्या उभ्याच, चिखलाचे हात नुसते पदराला पुसून, खाल्ली. कांदा, आमसूल, वर खोबरं. चांगली झाली होती. दुसऱ्या दिवशी भाकऱ्या न्यायला तू पुन्हा मलाच धाडलंस, आणि टोपात एका माणसापुरती उरलेली होती, झाकून, झाकणावर दगड ठेवून. तुझ्या घरात कधी काही उरत नसे. तीही मी खाल्ली.